पंखा बंद ठेवून चालणारं काम

नवं घर बांधून झालं की अगदी शेवटी जी कामं उरतात, त्यांत जिन्याचं स्टीलचं रेलिंग असतं. वास्तुशांतीला किंवा कुराणखानीला आलेले पाहुणे त्या रेलिंगवरून हात फिरवत माडीवर जातात. दोन पाइप कुठं जोडलेत हे हाताला लागत नाही. लागू नये, यातच कारागिराचं कसब. हा सांधा ज्या पद्धतीनं जोडतात तिला पुस्तकात टिग वेल्डिंग म्हणतात. परभणीत, मानवतला, सेलूला, गंगाखेडला विचाराल तर दुकानदार म्हणेल, "आरगन." हॉटेलच्या भटारखान्यातली स्टीलची टेबलं असोत, दुधाच्या टाक्या असोत, की इंजिनाचा ॲल्युमिनियमचा एखादा तडकलेला भाग असो, माणूस आरगनवाल्याकडं जातो.

मी कवितेचा माणूस. यंत्रविद्येशी माझा संबंध शेजारापुरता. पण मी राहतो त्या वस्तीत गॅरेजं, ग्रिलची दुकानं आणि फॅब्रिकेशनची पत्र्याची शेडं घरांना लागूनच आहेत. तिथली पोरं माझ्यासमोर वाढली. कुणी अर्ज लिहून घ्यायला येतो, कुणी डोळे सुजले की कुठल्या डॉक्टरकडं जावं हे विचारायला येतो. त्यांच्याशी बोलून, जुन्या उस्तादांना विचारून, डॉक्टरांकडून समजून घेऊन आणि थोडं वाचून जे हाती लागलं, ते आज आपल्यापुढं ठेवतो. विषय साधा आहे. हे काम करणाऱ्यानं स्वतःला कसं जपावं, आणि आपल्या परभणीच्या उन्हात कसं जपावं.

आधी काम समजून घेऊ. साध्या वेल्डिंगमध्ये हातातली कांडी स्वतःच वितळत जाते. ठिणग्या उडतात, धूर होतो, तडतड आवाज येतो. आरगनचं तसं नाही. कारागिराच्या एका हातात टॉर्च असते आणि तिच्या टोकाला टंगस्टनची अणकुचीदार सुई. टंगस्टन वितळायला ३,४०० अंश सेल्सिअसच्या पुढं तापमान लागतं, म्हणून ती सुई टिकून राहते. तिच्या टोकापासून पत्र्यापर्यंत विजेचा झोत उभा राहतो, त्याला आर्क म्हणतात. दुसऱ्या हातात बारीक तार असते. वितळलेल्या धातूच्या इवल्याशा डबक्यात ती थेंबाथेंबानं घालायची. मोठ्या यंत्राला वीज कमीजास्त करायला पायाशी पेडलही असतं. म्हणजे दोन्ही हात, पाय आणि डोळे एकाच वेळी कामात. शिलाई मशीनवर बसलेल्या माणसासारखीच ही एकाग्रता.

आता आर्गन कशाला? तापलेल्या धातूला हवेतला ऑक्सिजन लागला की सांधा काळवंडतो, त्याला छिद्रं पडतात. म्हणून सुईभोवतीच्या चिनी मातीच्या तोटीतून आर्गन वायू सोडतात. तो डबक्यावर पांघरुणासारखा पसरतो आणि हवेला जवळ येऊ देत नाही. १८९४ साली लॉर्ड रॅले आणि विल्यम रॅमसे या शास्त्रज्ञांनी हा वायू शोधला. तो कशाशीच संयोग पावेना, म्हणून 'आळशी' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव ठेवलं. आपण श्वासात घेतो त्या हवेत तो जवळजवळ एक टक्का असतोच. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडण्यासाठी ही पद्धत विकसित केली. तेव्हा आर्गनच्या जागी हेलियम वापरत. विमानासाठी निघालेली ती विद्या आज आपल्या जिन्यापर्यंत आली आहे.

आता खरी अडचण सांगतो. हे वायूचं पांघरूण फार हलकं असतं. तासाला सात-आठ किलोमीटरचा वारा आला तरी ते विस्कटतं. म्हणजे झाडाची पानं नीट हलवील एवढी झुळूकही पुरे. त्यामुळं आरगनचं काम चालू असताना पंखा बंद, कूलर बंद, आणि पुष्कळदा वाऱ्याच्या बाजूचं शटरही खाली. मे महिन्यात परभणीचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. वर तापलेला पत्रा, समोर सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही तप्त असा आर्क, आणि मधे बंद शर्टातला, हातमोज्यातला, डोक्यावर टोप घातलेला माणूस. एका कारागिरानं मला हे एका वाक्यात सांगितलं. तो म्हणाला, "चाचा, पंखा लावला तर गॅस उडतो, नाही लावला तर जीव उडतो."

यातून काय होतं? माणूस आधी हातमोजे काढतो. मग शर्टाची वरची दोन बटणं सोडतो. मग बाह्या वर सरकवतो. टोप बाजूला ठेवून नुसता काळा चष्मा लावतो. त्याला धोका कळत नाही असं नाही, उकाडा सहन होत नाही. त्यात आरगनचं काम दिसायला निरुपद्रवी. ठिणगी नाही, फारसा धूर नाही, आवाज नाही. साध्या वेल्डिंगची ठिणगी अंगावर पडली की माणूस आपोआप बाही खाली ओढतो. इथं भीती घालणारं काहीच नाही. म्हणून माझं सांगणं असं, की या कामात आराम आणि बचाव या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. जे अंगावर सहन होत नाही ते कुणी घालत नाही, आणि खुंटीला टांगलेला टोप डोळे वाचवत नाही. सुरक्षेची सुरुवात काम सुसह्य करण्यापासून होते.

डोळ्यांपासून सुरुवात करू. आर्कमधून दिसणारा प्रकाश निघतो, तसेच न दिसणारे अतिनील किरणही निघतात. आरगनमध्ये धूर कमी, म्हणून या किरणांना वाटेत अडवणारं काही नसतं. त्यात स्टील आणि ॲल्युमिनियम चकचकीत, म्हणून ते उलटून टोपाच्या आतही येतात. बुबुळावरचा पारदर्शक पडदा त्यांनी भाजतो. गंमत अशी, की त्या वेळी काहीच कळत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. पाणी वाहतं, उजेड सोसत नाही. पोरं याला "डोळ्याला वेल्डिंग लागली" म्हणतात.

मग सुरू होतात घरगुती उपाय. बटाट्याच्या चकत्या, काकडी, गुलाबपाणी, कुणी दुधाचे थेंबसुद्धा. मिटलेल्या पापण्यांवर गार काहीतरी ठेवलं तर बरं वाटतं, त्यात वावगं काही नाही. पण उघड्या डोळ्यात दूध किंवा दुसरं काही घालणं म्हणजे आधीच सोललेल्या जागेवर जंतू सोडणं. त्याहून घातक सवय म्हणजे मेडिकलमधून बधिर करणारे थेंब आणून स्वतःच घालणं. वेदना थांबतात, म्हणून ते औषध वाटतं. पण त्यांनी जखम भरायला वेळ लागतो, वारंवार वापरले तर बुबुळ कायमचं खराब होऊ शकतं. डोळे चोळू नयेत, अंधारात पडून राहावं, गार पट्टी ठेवावी आणि सकाळी डॉक्टरांना दाखवावं. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत आराम पडतो. पडला नाही, किंवा एकाच डोळ्यात खुपत असेल, तर ग्राइंडरचा कण गेलेला असू शकतो, तिथं उशीर नको. आर्ककडं पुन्हा पुन्हा उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर आतल्या पडद्याला जी इजा होते, ती मात्र बऱ्याचदा भरून येत नाही.

काळ्या काचेला नंबर असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ५० अँपिअरपर्यंतच्या कामाला साधारण १० नंबरची काच सुखाची, ५० ते १५० अँपिअरला १२ पर्यंतची. आठच्या खाली मात्र कधीच जायचं नाही. आपल्या रेलिंगचा पातळ पाइप बहुधा ५० अँपिअरच्या आसपासच जोडला जातो. काच निवडायची रीत सोपी आहे. आधी जास्त काळी लावा. धातूचं डबकं नीट दिसत नसेल तर एकेक नंबर खाली या, आणि ते दिसू लागलं की थांबा. उन्हात घालायचा साधा गॉगल या कामाला चालत नाही. त्यानं डोळा उघडा ठेवायला बळ मिळतं, चेहरा मात्र भाजतोच.

हल्ली आपोआप काळी होणारी काच बसवलेले टोप मिळतात. मान झटकून टोप पाडायची गरज राहत नाही, म्हणून मानेला मोठा आराम. चांगल्या टोपात काच काळी झालेली नसतानाही अतिनील किरण अडवलेलेच असतात. पण स्वस्तातले काही टोप कमी अँपिअरच्या आरगनला ओळखत नाहीत आणि मधेच लुकलुकतात. घेताना एवढंच करा. टोप उन्हात सूर्याकडं धरा, काच लगेच काळी व्हायला हवी. आणि विचारून घ्या की किती अँपिअरपासून हा चालतो. काचेच्या पुढचं प्लास्टिक ओरखडलं की बदला. ते स्वस्त असतं, आणि ओरखड्यांतून पाहताना माणूस नकळत आर्कच्या जवळ जातो.

आणखी एक गोष्ट वयाची. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं. वाचताना आपण चष्मा लावतो, त्याला आपल्या भाषेनं नावही 'चाळिशी'च दिलं आहे. पण टोपाच्या आत चाळिशी लावणारा कारागीर मला विरळाच दिसला. तो नाक आर्कजवळ नेतो, मग धूर जास्त, उष्णता जास्त, मानेला त्रास जास्त. टोपाच्या आत बसवायची भिंगाची पट्टी मिळते, नाहीतर आपला चष्माच आत घालावा. हात चुकायला लागला असं म्हणून काम सोडणाऱ्या कितीतरी उस्तादांचा हात चुकलेला नसतो, नंबर लागलेला असतो.

आणि टोप नसलेल्यांचं काय? दुकान रस्त्यावर. शाळेतून येणारी पोरं निळा उजेड पाहत उभी राहतात. मदतनीस पाइप धरून दुसरीकडं तोंड करतो. हे किरण भिंतीवरूनही उलटतात. कामाभोवती जाड, गडद कापडाचा किंवा वेल्डिंगचा खास पडदा लावावा आणि मदतनिसाला त्याचा स्वतःचा टोप द्यावा. तोंड फिरवणं हा बचाव नव्हे.

आता कातडी. आरगनवाल्याला कुठंही ओळखता येतं. त्याच्या गळ्याखाली, उघड्या बटणांच्या जागी, त्रिकोणी लाल डाग असतो. उन्हात भाजावं तशीच ही भाजणी, पण काही मिनिटांत होणारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगमधून निघणारे अतिनील किरण आणि वेल्डिंगचा धूर, या दोन्हींना माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. एका डागानं काही होत नाही, वर्षानुवर्षांच्या डागांचा हिशेब होतो.

अंगभर कपडा हवा, मग तो कोणता? इथं आपला जिल्हा नशीबवान. परभणी कापसाचा मुलूख. इथल्या कृषी विद्यापीठाच्या एका देशी वाणाचं नावच 'परभणी तुराब' आहे. सुती कापड घाम शोषतं आणि हवा खेळू देतं. पॉलिस्टरचं उलट. ते घाम तसाच ठेवतं, आणि गरम धातू लागला तर वितळून कातडीला चिकटतं. स्वस्त टी-शर्टवर आरगन करणं म्हणूनच वाईट. घट्ट विणीचा, गडद रंगाचा, सैल असा पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घ्यावा. विरळ पांढऱ्या कापडातून किरण आरपार जातात आणि पांढऱ्या छातीवरून उजेड उलटून टोपात येतो, म्हणून गडद. खाकी चालेल, जुन्या जीनचं कापड तर उत्तम. कॉलरचं बटण लावायला जीव घुसमटत असेल, तर गळ्याभोवती सुती दस्ती सैल गुंडाळावी. दुसरी दस्ती कपाळाला, म्हणजे घाम डोळ्यांत उतरणार नाही. हातमोजे पातळ, मऊ, शेळीच्या कातड्याचे. साध्या वेल्डिंगचे जाडजूड मोजे घालून बारीक तार चिमटीत धरता येत नाही, म्हणून पोरं मोजेच टाळतात. मोजा बोटाला बसणारा असला की तो हातात राहतो. दोन जोड ठेवावेत. एक घामानं ओला झाला की उन्हात टाकावा आणि दुसरा घालावा. आपल्या उन्हात तो लवकर वाळेल, उन्हाचा तेवढा तरी उपयोग.

कोरड्या मोज्याचं महत्त्व निव्वळ आरामाचं नाही. घामानं भिजलेली कातडी विजेला वाट करून देते. उकाडा घालवायला शेडमध्ये पाणी शिंपडतात, ओली गोणपाटं टांगतात. छान गारवा येतो, पण पायाखाली ओल आणि हातात चालू टॉर्च हे गणित जिवावरचं आहे. यंत्राजवळची जमीन कोरडी हवी. उभं राहायला लाकडी फळी किंवा रबराची चटई आणि पायात बूट. टॉर्च काखेत धरायची नाही. सुई बदलताना यंत्र बंद करायचं. अर्थिंग वायरमनकडून वर्षातून एकदा तपासून घ्यायचं. ज्याच्या छातीत पेसमेकर बसवला आहे त्यानं चालू यंत्राजवळ उभंही राहू नये.

श्वासाकडं वळू. धूर दिसत नाही म्हणजे हवा स्वच्छ, असं नाही. अतिनील किरणांनी आर्कभोवती ओझोन तयार होतो. घसा खवखवतो, खोकला येतो, तो त्याच्यामुळं. स्टीलमध्ये क्रोमियम आणि निकेल असतं. आरगनमध्ये त्यांचा धूर कमी निघतो, पण निघतो. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप तसाच जोडला तर संध्याकाळी हिवताप आल्यासारखी हुडहुडी भरते. मुलामा आधी घासून काढावा. तेलकटपणा पुसायला क्लोरीन असलेले द्रव कधीच वापरू नयेत. आर्कच्या उजेडात त्यांच्या वाफेपासून फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होऊ शकतो. गूळ खाल्ला की छातीतली धूळ उतरते, असं कारखान्यांत पूर्वीपासून म्हणतात. गूळ जरूर खावा, थकलेल्या अंगाला बरा. पण गूळ खाऊन खिडकी बंद ठेवू नये.

सुईचीही एक गोष्ट. लाल टोकाच्या सुईत थोरियम असतं, आणि थोरियम किरणोत्सारी आहे. हातात धरल्यानं काळजीचं कारण नाही, मात्र ग्राइंडरवर टोक काढताना उडणारी धूळ छातीत जाता कामा नये. सोनेरी किंवा निळ्या टोकाच्या सुईत लँथॅनम असतं. ती तेच काम तितक्याच चांगल्या तऱ्हेनं करते. दुकानात जाऊन नुसता रंग बदलून मागायचा आहे.

आणि आर्गन स्वतः? तो विषारी नाही, वास नाही, रंग नाही. पण हवेपेक्षा जड आहे. खड्ड्यात, टाकीत, टँकरच्या पोटात तो तळाशी साचतो आणि ऑक्सिजनला बाहेर ढकलतो. माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही, चक्कर येते आणि तो कोसळतो. आपले जुने लोक पडीक आडात उतरण्याआधी कंदील सोडून पाहत. विझला तर उतरत नसत. त्या शहाणपणाचा अर्थ आजही तोच आहे, पण कंदिलावर विसंबू नका. कंदील जळत राहील एवढ्या हवेतही माणसाला धोका असू शकतो. टाकीच्या आत काम करायचं तर बाहेरून ताजी हवा सतत आत सोडावी, ऑक्सिजन मोजायचं यंत्र आणावं आणि तोंडाशी एक माणूस कायम बसवावा. जेवायला जाताना टॉर्च आत ठेवायची नाही, सिलिंडर बंद करायचं. आणि आत कुणी पडला, तर त्याच्यामागं तसंच आत उडी घ्यायची नाही. माया दोन माणसं नेते.

आता पुन्हा त्या पंख्याकडं येऊ. कोडं सुटत नाही असं नाही. पंखा आर्ककडं तोंड करून नको, कारागिराच्या पाठीमागं खाली ठेवावा, आणि आर्क व पंखा यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा उभा करावा. अंगाला वारा लागतो, आर्कला लागत नाही. तोटीच्या आत बसवायची बारीक जाळी मिळते, तिला गॅस लेन्स म्हणतात. तिच्यामुळं आर्गन सरळ आणि शांत वाहतो, थोडी झुळूक सोसतो. वारा लागतो म्हणून गॅस वाढवत नेणं मात्र उलटं पडतं. जोरात सुटलेला गॅस भोवरा करून हवेलाच आत ओढतो. शेडच्या पत्र्याला वरून चुना मारला तर आतला ताप कमी होतो. भिंतीला वरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा पंखा लावला तर धूर आणि उष्णता दोन्ही निघतात.

सगळ्यात स्वस्त उपाय घड्याळाचा. बारीक आरगनचं काम पहाटे सहा ते अकरा आणि पुन्हा ऊन उतरल्यावर करावं. दुपारी मापं घेणं, पाइप कापणं, असली पंखा लावून होणारी कामं ठेवावीत. शेतकरी उन्हाळ्यात असंच करतो, मग शेडनं का करू नये? पाणी तहान लागेपर्यंत थांबून पिऊ नये. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर प्यावं, मधे मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत. दहावीची परीक्षा संपली की पोरं एप्रिल-मेमध्ये दुकानात शिकायला येतात. त्यांच्या शरीराला या उष्णतेची सवय नसते. जाणकार सांगतात, की पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्शाएवढंच द्यावं आणि रोज थोडं वाढवावं. पोरगा बरळायला लागला, चालताना झोकांड्या जाऊ लागला, अंग तापून कोरडं पडलं, तर तो आळशीपणा नाही, उष्माघात आहे. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा.

या धंद्यात मुस्लिम कारागीर पुष्कळ आहेत, म्हणून एक बोलतो. २०१८ आणि २०१९ साली रमजान मे महिन्यात आला होता. रोज्याच्या दिवशी सहरी आटोपून लगेच कामाला लागणं आणि दुपारी थांबणं, एवढं मालकांनी जमवून द्यावं. आणि जिवावर बेतलं तर रोजा सोडायची मुभा धर्मानंच दिली आहे. उस्तादानं हे पोरांना स्वतःहून सांगावं, कारण पोरगं लाजेनं विचारणार नाही.

शेवटी बसण्या-उठण्याच्या चार गोष्टी. रेलिंगचं काम उकिडवं बसून, वाकून होतं, आणि पस्तिशीतच कंबर बोलायला लागते. दुकानात जे होऊ शकतं ते कोपराच्या उंचीच्या टेबलावर करावं. मनगट टेकायला लाकडाचा ठोकळा घ्यावा, म्हणजे हातही थरथरत नाही आणि सांधाही सुबक येतो. टॉर्चची केबल खांद्यावरून घ्यावी, तिचं वजन मनगटावर नको. तारेचं मागचं टोक वाकवून आकडा करावा, म्हणजे ते कुणाच्या डोळ्यात जाणार नाही. तापलेलं स्टील लाल दिसत नाही, थंड वाटतं. त्यावर खडूनं 'गरम' लिहावं. सिलिंडर उभं आणि साखळीनं बांधलेलं असावं. भरलेल्या सिलिंडरमध्ये वातावरणाच्या दीडशे पटींच्या आसपास दाब असतो. ते पडून वरची तोटी तुटली, तर भिंतीलाही थांबत नाही.

हे सगळं करायचं कुणी? १९४८ च्या कारखाना कायद्यात कामगारांच्या डोळ्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कलम होतं. पण तो कायदा माणसं मोजून लागू होत असे, आणि तीन-चार माणसांची आपली शेडं त्या मोजणीत कधी आलीच नाहीत. आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम शिकून आलेल्या मुलाला टोप आणि मोजे माहीत असतात. उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्या मुलाला उस्ताद जे घालतो तेवढंच माहीत होतं. म्हणून पहिली जबाबदारी उस्तादाची. त्यानं कॉलरचं बटण लावलं की पोरं लावतील.

दुसरी जबाबदारी आपली, म्हणजे गिऱ्हाइकांची. आपण रेलिंगचा भाव फुटावर ठरवतो आणि दहा-वीस रुपयांसाठी ताणून धरतो. त्या ताणण्यात पहिल्यांदा तुटतं ते काय? स्टील कमी होत नाही, गॅस कमी होत नाही. टोपाची काच बदलायची राहते, दुसरा मोजा घ्यायचा राहतो, मदतनिसाचा टोप तर यादीतच येत नाही. पुढच्या वेळी कारागीर आपल्या घरी मापं घ्यायला येईल, तेव्हा पाइपची जाडी विचारालच. सोबत हेही विचारा, की बाबा, किती वाजता काम करणार, तुझ्या पोराला टोप आहे का? काम सकाळी लवकर सुरू करायला घराचं दार उघडून द्या, आडोशाला एखादा पत्रा द्या आणि पाण्याचा माठ जवळ ठेवा. रेलिंग तितकंच सुबक होईल, आणि ते करणारा त्या रात्री नीट झोपेल.